‘राव’ : शब्द एक, छटा अनेक

कन्हेरीच्या मारुती मंदिरापुढं किंवा बारामतीच्या एसटी स्टँडवर पाच मिनिटं नुसतं उभं राहून कान द्या. एक दोन अक्षरी शब्द हमखास ऐकू येईल – ‘राव’. आज त्याचाच अभ्यास करू.

मूळ अर्थ : संस्कृत ‘राजन्’वरून प्राकृतमार्गे आलेला हा शब्द. अर्थ – राजा. ‘राव-रंक’ या जोडशब्दात आणि ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीत हाच अर्थ आहे.

आदरार्थी वापर : बाजीराव, यशवंतराव. इंग्रजांच्या काळात ‘रावसाहेब’, ‘रावबहादूर’ हे किताबच होते. गावाकडं जावई वयानं लहान असला तरी त्याच्या नावापुढं ‘राव’ लागतोच. उखाण्यातही ‘अमुकरावांचं नाव घेते’ असं म्हणतात.

बोलीतला वापर :
१) तक्रार – काय राव, किती उशीर!
२) विनवणी – चल ना राव, एकटा कसा जाऊ?
३) हळहळ – मोटर चालू केली अन् लाईट गेली राव!
४) कौतुक – लय भारी खेळलास राव!
५) शंका – खरं सांगतोस का राव?

आता गंमत बघा. मुलाला आपण ‘अरे’ म्हणतो, मुलीला ‘अगं’. पण ‘राव’ बदलत नाही. मैत्रीण मैत्रिणीलाही ‘काय राव’ म्हणते! वरच्या वाक्यांतून ‘राव’ काढून टाका. अर्थ तोच राहतो, पण आपलेपणा जातो. व्याकरणातल्या ‘पालुपदा’च्या जवळचं हे काम आहे.

शिकायला शहरात गेल्यावर काही मुलं ‘गावंढळ वाटेल’ म्हणून हा शब्द गिळून टाकतात. तसं करू नका. हा शब्द अशुद्ध नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा : एके काळी राजाला लागणारा हा शब्द आता बरोबरीच्या माणसाला लागतो. म्हणून तो मित्राशी बोलताना शोभतो. मुख्याध्यापकांच्या अर्जात किंवा नोकरीच्या मुलाखतीत नाही. चूक शब्दाची नसते, जागेची असते.

स्वाध्याय : तुमच्या घरात आणि गल्लीत कोण कोणाला ‘राव’ म्हणतं आणि कोणाला मुळीच म्हणत नाही, हे एक दिवस वहीत नोंदवा. नात्यांचा नकाशाच तयार होईल. करून तर बघा राव!