आपत्तीकाळात मनोविकारांची औषधे : एक अभ्यास

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला आणि दगडमातीची हजारो घरे कोसळली. अशा प्रसंगी जखमा बांधणारे हात तत्परतेने पुढे येतात. परंतु वर्षानुवर्षे फिट्सची किंवा स्किझोफ्रेनियाची गोळी घेणारा रुग्ण घराबरोबर आपले औषधही गमावून बसतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

हा खंड धोक्याचा असतो. फिट्सचे औषध एकाएकी थांबल्यास झटके पुन्हा सुरू होतात. कधी ते थांबतच नाहीत व प्राणांवर बेतते. लिथियम घेणाऱ्यास जुलाब-उलट्या झाल्या, तर नेहमीचीच मात्रा विषारी ठरू शकते. क्लोझापिन दोन दिवसांहून अधिक काळ बंद राहिल्यास ते अल्प मात्रेपासून पुन्हा वाढवावे लागते. म्हणूनच पथकाने आरंभीच विचारावे : पूर्वी कोणते औषध चालू होते, आणि शेवटची गोळी केव्हा घेतली?

याउलट, आप्त गमावलेल्याचे रडणे वा झोप उडणे हा आजार नव्हे. अशांना डायझेपामसारखी गुंगीची गोळी सरसकट देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. तिची सवय जडते. निवारा, सोबत आणि आप्तांची भेट हेच तेथे पहिले उपचार होत.

पथकाच्या पेटीत औषधे मोजकीच, पण निवडक असावीत : हॅलोपेरिडॉल, कार्बामाझेपिन, फ्ल्युओक्सेटिन इत्यादी. डायझेपाम कुलुपात ठेवून प्रत्येक गोळीची नोंद करावी. आत्महत्येचा धोका वाटल्यास थोड्याच दिवसांचे औषध द्यावे व ते नातेवाइकांच्या हाती सोपवावे. पथक परतण्यापूर्वी रुग्णांची यादी व उर्वरित साठा स्थानिक आरोग्य केंद्राकडे सुपूर्द करावा. अन्यथा उपचारात पुन्हा खंड पडतो.

दात्यांसाठीही येथे एक धडा आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातील आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधे येऊन पडली. त्यांतील पुष्कळशी गरजेची नव्हती, अनेकांवरील मजकूर स्थानिकांना वाचता येत नव्हता, आणि काहींची मुदत संपलेली होती. ती निवडणे व नष्ट करणे हेच एक नवे ओझे झाले. तेव्हा घरातील उरलेल्या गोळ्या न पाठविता, पथकाने मागितलेले औषध किंवा त्यासाठी निधी देणे हेच खरे साहाय्य.

रुग्णांच्या कुटुंबीयांस एकच विनंती : औषधाचे नाव, मात्रा व वेळ लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत, आठवडाभराच्या गोळ्यांसह हाताशी ठेवावी. संकट पूर्वसूचना देऊन येत नाही.