बाळंतीण रडते का? नवरा-बायकोने मिळून वाचावे



घरात पाळणा हलला की सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे लागतात. बाळाला दूध पुरतं का, शी कशी झाली, दृष्ट काढली का? बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू होतात, हळिवाची खीर होते, बाजेखाली शेगडी ठेवतात. (त्या धुराचा बाळाला त्रास होतो, ती पद्धत सोडावी, पण तो विषय वेगळा.) शरीराची निगा होते. तिच्या मनाची विचारपूस मात्र कोण करतो?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ बाळंतिणींना उगाच रडू येते. निम्म्याहून अधिक जणींना हा अनुभव येतो. प्रसूतीनंतर अंगातली काही द्रव्ये एकदम कमी होतात, झोप मोडते, टाके दुखतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. झोप आणि मायेचा शब्द मिळाला की दहा-बारा दिवसांत आपोआप ठीक होते.

पण दोन आठवडे उलटले तरी रडणे थांबत नसेल तर? घास उतरत नाही. बाळ झोपले तरी तिचा डोळा लागत नाही. बाळ रडते आणि ती भिंतीकडे बघत बसते. नाहीतर उलट, बाळाला काही होईल या धास्तीने रात्रभर त्याचा श्वास बघत राहते. आपल्या बाया ‘मन उदास आहे’ असे म्हणत नाहीत. ‘अंग मोडून येतं, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं’ असे म्हणतात. मग घरचे समजतात, अशक्तपणा आहे. रक्त आणि थायरॉइड तपासून घ्यावेच. पण तेवढ्यावर थांबू नये. हा प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो. भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१७ साली हिशेब मांडला गेला, त्यात दर १०० बाळंतिणींत सुमारे २२ जणींना हा त्रास आढळला. म्हणजे पाच जणींत एक. तुमच्या आळीतही कोणीतरी असेलच.

घरात काय बोलतात ते आम्हाला ठाऊक आहे. ‘सोंगं करते.’ ‘आमच्या वेळी नव्हते असले लाड.’ ‘बाहेरचं लागलंय, अंगारा आणा.’ श्रद्धा असेल तर अंगारा लावा, कुणी अडवत नाही. पण त्यापायी महिना घालवू नका. आणि मुलगी झाली म्हणून तोंडे पाडू नका. गोव्यातल्या बाळंतिणींचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलीचा जन्म यांचा या आजाराशी संबंध दिसून आला. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते, आईच्या नाही. मग बोलणी तिनेच का खावीत?

या आजारावर मोठा उपाय म्हणजे समुपदेशन. शब्द जड आहे, काम साधे आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्यसेविका गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून उदास बायांच्या घरी ठरवून जात आणि ठरावीक पद्धतीने बोलत. त्या काही डॉक्टर नव्हत्या. २००८ साली निकाल प्रसिद्ध झाला. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या बायांपैकी शंभरात २३ जणींना नैराश्य उरले होते. ज्यांच्याकडे नुसत्या नेहमीच्या भेटी झाल्या त्यांच्यात शंभरात ५३ जणींना.

या बोलण्यात असते काय? समजा ती म्हणाली, ‘बाळ माझ्याकडे आलं की रडतं. मी वाईट आई आहे.’ सेविका ‘असं बोलू नये गं’ म्हणून तिचे तोंड बंद करीत नाही. ती विचारते, ‘काल बाळ तुझ्या कुशीत किती वेळा शांत झालं?’ ती आठवू लागते. दोनदा, नाही, तीनदा. मग दोघी मिळून त्या आठवड्यासाठी एकच लहान काम ठरवतात: रोज सकाळी बाळाला घेऊन पावणा तास नाही, पाव तास अंगणात बसायचे. पुढच्या भेटीत ते जमले का हे बघायचे. यात सासूबाईंनाही सामील करून घेतात, कारण त्यांच्याशिवाय घर हलत नाही.

बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. बाळाचे वजन झाले की सासूबाईंनी थोडा वेळ शेजारी जाऊन यावे. सुनेला एकटीला चार शब्द बोलू द्यावेत.

आता नवरोबांसाठी. रात्री पाजून झाले की बाळ खांद्यावर घेऊन ढेकर तुम्ही काढा, लंगोट तुम्ही बदला. तिला सलग चार तास झोप मिळू द्या. रोज एकदा विचारा, ‘तुला कसं वाटतंय?’ आणि मग गप्प बसून ऐका. उपाय सुचवू नका. ‘जीव नकोसा होतो का?’ हेसुद्धा विचारा. विचारल्याने तसले खूळ डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचे ओझे उतरते. ती ‘हो’ म्हणाली तर तिला क्षणभर एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हजारात एक-दोघींना बाळंतपणानंतर भ्रम होतो: झोप उडते, असंबद्ध बोलतात, कानांत आवाज येतात. तेव्हा सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर अंगावर पाजत असल्याचे सांगा. दूध न तोडता घेता येतील अशा गोळ्या आहेत. बरे वाटताच मनाने बंद करू नका.

राहिली पुढच्या बाळाची गोष्ट. मन सावरलेले नसताना पुन्हा दिवस राहिले तर ती आणखी खचेल. निदान दोन वर्षे दिवस राहू देऊ नका. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. छाया गोळी पाजणाऱ्या आईला चालते. निरोध तर तुमच्याच हातात आहे. ऑपरेशनचा कायमचा निर्णय मात्र आजारात घेऊ नका. ती बरी झाल्यावर दोघांनी मिळून ठरवा.

नैराश्यासाठी आधी उपकेंद्रातल्या नर्सबाईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना भेटा. गरज पडली तर ते जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतील. जाणे जमत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. तिला जमत नसेल तर नवऱ्याने लावून द्यावा.