मृत्युपत्र : मागे राहणाऱ्यांसाठी एक कागद



मृत्युपत्राचा विषय काढला की घरात सगळे गप्प होतात. “एवढ्यात कशाला अभद्र बोलायचं?” असे म्हणून तो टाळला जातो. पण मृत्युपत्र केल्याने मरण जवळ येत नाही. न केल्याने मात्र सख्खी भावंडे कोर्टात उभी राहू शकतात.

आपल्या शेजारच्या हिंदू कुटुंबांचा वारसा कायदा आपल्याला लागू होत नाही. ख्रिस्ती कुटुंबांसाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा आहे. मृत्युपत्र न करता पती वारला आणि मुले असली, तर पत्नीला एक तृतीयांश हिस्सा मिळतो. उरलेला भाग मुलगे व मुली यांना सारखा. लग्न झालेल्या मुलीचा हक्कही तेवढाच. मृताच्या आईवडिलांना मात्र अशा वेळी काहीच मिळत नाही.

समजा, मिरजेतील एका गृहस्थाच्या नावावर राहते घर आहे. घरी पत्नी व म्हातारी आई, दोन मुलगे पुण्याला, मुलगी कराडला दिलेली. तो गेल्यावर घराचे नऊ भाग धरले, तर पत्नीचे तीन आणि प्रत्येक मुलाचे दोन. एकाने जरी वाटणी मागितली तरी आईचा निवारा धोक्यात येतो. आजीचा तर त्या घरावर वारसा हक्कच नाही. कोणी कोणाची सेवा केली, हे कायदा पाहत नाही. ते आपल्यालाच लिहून ठेवावे लागते.

“मी नॉमिनी लावला आहे,” असे अनेकजण सांगतात. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ साली वारले. त्यांच्या गुंतवणुकीवरील नॉमिनींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की, शेअर वगैरे गुंतवणुकीत केवळ नॉमिनी असल्याने कोणी मालक होत नाही. बँकेतील ठेवींचेही तसेच आहे. नॉमिनी पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा राहतो.

मृत्युपत्र करणे अवघड नाही :

१. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. घर, गट नंबर, बँक खाते, दागिने स्पष्ट लिहावेत.

२. दोन साक्षीदारांसमोर सही करावी व त्यांनीही आपल्यासमोर सही करावी. ज्याला काही द्यायचे आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार नसावा. नाहीतर त्याला दिलेले रद्द ठरते.

३. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात केलेली बरी. वय झाले असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा.

४. मृत्युपत्र कधीही बदलता येते. त्यानंतर आपण लग्न केले तर जुने रद्द होते. नवे करावे लागते.

वारशाच्या वाटणीत पडण्यास प्रभू येशूनेही नकार दिला होता (लूक १२ : १३-१४). तुमच्या माघारी मुलांना न्यायाधीश शोधावा लागू नये. या आठवड्यात पतिपत्नींनी एकत्र बसून निदान यादी करावी, आणि कागद कुठे ठेवला आहे ते एकमेकांना सांगून ठेवावे.