शनिवारच्या डिक्टेशनसाठी

सूनबाई, सोमवारी शाळेतून दहा शब्दांची यादी येते आणि शुक्रवारी रात्री घर डोक्यावर घेतलं जातं, हे घरोघरचं आहे. नाशिकच्या पंचवटीत काय नि सिडकोत काय, संध्याकाळी कुठल्याही जिन्यात उभी राहा. "एस सी एच डबल ओ एल स्कूल, स्कूल म्हणजे शाळा" हा गजर ऐकू येईल. गजर कानाला गोड वाटतो. पण पाठ होतं तोंडाला आणि परीक्षा द्यायची असते हातानं. म्हणून घोकंपट्टी पाढ्यांपुरती ठेव.

स्पेलिंगला चार पायऱ्या: बघ, झाक, लिही, ताड. शब्द नीट बघायचा, त्यात फसवं अक्षर कुठलं ते बोटानं दाखवायचं. मग वही झाकायची, आठवून अख्खा शब्द लिहायचा आणि झाकलेलं उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं. हे ताडणं पोराचं पोरानं करायचं, तू नव्हे. लाल पेन तुझ्या हातात गेलं की पोर शब्दाकडे बघत नाही, तुझ्या तोंडाकडे बघतं. चुकलं तर खोडरबरनं एक अक्षर दुरुस्त करू देऊ नकोस, शब्द पुन्हा पहिल्यापासून लिहू दे.

आणि "दहा वेळा लिहून काढ" ही शिक्षा बंद कर. कधी शेजारी बसून बघ. चौथ्या-पाचव्या ओळीपासून मूल शब्द लिहीतच नसतं. आधी वरपासून खालपर्यंत सगळे एस, मग त्यांच्या शेजारी सगळे सी, मग सगळे एच. पान भरतं, डोकं रिकामं राहतं.

यादी वाटून घे. सोमवारी चार शब्द, मंगळवारी त्यांची उजळणी आणि नवे तीन, बुधवारी उरलेले. गुरुवारी, शुक्रवारी नवं काही नाही, फक्त चुकणारे. एका वेळी दहा मिनिटं पुरेत. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून हे लिहून ठेवलंय, की एका बैठकीत कोंबलेल्यापेक्षा दिवसांवर वाटलेलं पाठांतर कमी कष्टात टिकतं.

"माझंच इंग्रजी कच्चं, मी काय शिकवू?" असं म्हणू नकोस. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी पोरं पाचवीत एबीसीडी गिरवायची. तुझ्या पिढीतल्या निम्म्या आया त्यातल्याच. शिवाय तुझ्याकडे मराठी आहे, आणि तिचा इथे मोठा आधार आहे.

शब्द अडला की आधी देवनागरीत लिहायला सांग. 'बॅग' आणि 'पेन' शेजारी शेजारी लिहिले की कानाला न कळलेला फरक डोळ्याला दिसतो: डोक्यावर चंद्रकोर असली की तिथे ए, साधी मात्रा असली की ई. व्ही आणि डब्ल्यूचा घोळही असाच सुटतो. आपण वॉटर, वॉच साध्या 'व'नं लिहितो, तिथे डब्ल्यू. व्हॅन, व्हिडिओ 'व्ह'नं लिहितो, तिथे व्ही. फक्त व्हॉट, व्हेन यांसारखे प्रश्नाचे शब्द आणि व्हाइट, व्हील ही मंडळी वेगळी काढ; त्यांत डब्ल्यू-एच. महिन्यांचं तर विचारूच नकोस. फेब्रुवारीतला पहिला आर भल्याभल्या इंग्रजांच्या उच्चारात गळतो, मराठी पोर तो ठणठणीत म्हणतं.

मराठी जिथे साथ सोडते तिथे घरचा उच्चार कामाला लाव. टीचर, डॉक्टर, शुगर ही तिन्ही आपण शेवटी सारखीच म्हणतो, स्पेलिंगात मात्र ई-आर, ओ-आर, ए-आर. म्हणून घरात खुशाल 'डॉक्टोर', 'शुगार' म्हणा. वेड-नेस-डे, फ्राय-एंड, इस-लँड, बिस-कु-इट. पोरं हसतात, आणि हसलेला शब्द विसरत नाहीत. चारचौघांत खरा उच्चार करायचा, एवढं बजावून ठेव.

'नाइफ'ला के कशाला, असं विचारलं तर "असंच असतं" म्हणून उडवून लावू नकोस. पूर्वी तो के खरंच उच्चारत. विल्यम कॅक्स्टननं 1476 च्या सुमारास इंग्लंडात छापखाना आणला, छापील स्पेलिंगं हळूहळू रुळत गेली आणि बोलणं पुढे निघून गेलं. मुलांना अशी भांडणं आवडतात. आपल्याच गावाचं बघ, जुन्या कागदांवर एच नसलेलं 'नासिक' सापडतं. दोन्ही स्पेलिंगं शोधायला लाव.

सरावाला महागडे फ्लॅशकार्ड नकोत. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापतात. तुझ्या पाकिटातल्या नोटा काढ. टेन, ट्वेंटी, फिफ्टी, हंड्रेड सगळं इंग्रजीत छापलेलं आहे, मागच्या पट्टीत मराठीतही. बघायचं, नोट झाकायची, लिहायचं. चाळीसची नोट मात्र नसते, आणि नेमक्या फोर्टीतच पोरं फोरचा यू घुसडतात. तो वेगळा घोटून घे.

बी आणि डी उलटसुलट होत असतील तर दोन्ही मुठी मिटून अंगठे वर करायला लाव: आपल्या बाजूनं पाहिलं की डावी मूठ बी, उजवी डी. पहिली-दुसरीत हे चालायचंच. तिसरी ओलांडल्यावरही अक्षरं उलटी पडत असतील, वाचतानाही अडत असेल, तर मूल आळशी ठरवायच्या आधी वर्गाच्या बाईंशी बोल आणि तपासणी करून घे. अध्ययन अक्षमता असेल तर आपल्या बोर्डाच्या परीक्षांत सवलती आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मोबाइलवर स्पेलिंग बघायचं असेल तर भाषेत ब्रिटिश इंग्रजी निवड. नाहीतर तो कलरमधला यू खाऊन टाकतो आणि शाळेत बाई गुण कापतात.

शेवटचं, आणि हे चिरंजीवांनाही सांग: शनिवारी सकाळी रिक्षा दारात हॉर्न देत असताना बुटाची लेस बांधता बांधता एकही स्पेलिंग विचारायचं नाही. पोराला डबा द्या आणि जाऊ द्या.