रुग्णाच्या खाटेशेजारील विद्या

'पुढे कोण होणार?' असे वरच्या वर्गात विचारले, तर 'डॉक्टर' म्हणून अनेक हात वर होतात, आणि घरी पालकांसही त्याचे समाधान वाटते. परंतु डॉक्टरांतही एक निराळा वर्ग आहे. रोग्यास बरे करावे, शिष्यांस शिकवावे आणि पूर्वी कोणास ठाऊक नव्हते असे काही शास्त्रात घालावे, ही तिन्ही कामे तो करितो. वऱ्हाडास ही वाट आता दूरची राहिलेली नाही. नागपुरास १९४७ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अमरावतीस १९८४ साली डॉ. पंजाबराव देशमुखांच्या स्मरणार्थ, व अकोल्यास २००२ साली सरकारी. तथापि प्राध्यापकाची खुर्ची मिळाली म्हणजे ही विद्या साधली, असे आम्हांस वाटत नाही. खुर्चीवाचून ती साधलेल्या एका गृहस्थांची हकीकत म्हणूनच येथे देतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे वऱ्हाडाच्या शेजारील जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. गरिबीत शिकून ते उपर्युक्त नागपूरच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९७६ साली कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचू चावलेली माणसे वारंवार येत. विंचू आपणांस नवा नव्हे. कवेलूंखाली, ढेकळांत तो आम्ही सर्वांनीच पाहिला आहे. पण कोकणातील त्या लाल विंचवाने धडधाकट मूल दगावत असे. प्रथम ओकाऱ्या, दरदरून घाम, हातपाय गार; पुढे फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडे. खात्रीचा उपाय नव्हता.

तरुण डॉक्टर खाटेशेजारी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, जे दिसे ते वेळेसह टिपून ठेवू लागले. हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्यास गुणपत्रिकेत रकाना नसतो! परंतु त्या टिपणांतूनच धोक्याची आरंभीची लक्षणे निश्चित झाली, व १९८२ साली ती 'लॅन्सेट' या इंग्लंडातील वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. विषामुळे शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते. तेव्हा आवळलेल्या वाहिन्या सैल कराव्या, या विचाराने त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध योजिले. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर दंशाच्या रोग्यांत पूर्वी शेकडा सुमारे तीस दगावत. हे औषध रूढ झाल्यावर ते प्रमाण एकाच्या आसपास आले.

मध्यंतरी पुण्यास एम. डी. होऊनही ते महाडासच परतले, व पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह तेथेच काम करीत राहिले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आम्हांस मात्र त्याहून त्यांच्या एका प्रयोगाचे अधिक कौतुक वाटते. पुढे विंचवाच्या विषावरील लस उपलब्ध झाली. ज्या औषधाने कीर्ती दिली, तेच पुरेसे आहे असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे होते. या दांपत्याने सत्तर रोगी घेतले. पस्तिसांस नुसते प्राझोसिन दिले, पस्तिसांस लसीसह. दहा तासांनी पाहता लस मिळालेल्यांपैकी ३२ पूर्ण बरे झाले होते, नुसत्या प्राझोसिनवरील केवळ ८. हा निकाल २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी आपल्याच नावाने छापिला.