विमानाचं तिकीट वाचायला शिकूया


आपल्या गटांतल्या कितीतरी घरांतली मुलं आता कामासाठी दुबईला जातात. तिकीट मोबाईलवर येतं, पण ते नीट वाचलं नाही तर विमान चुकतं आणि भरलेले पैसेही बहुधा जातात. म्हणून या महिन्याचा धडा तिकिटाचा.

१) अंतर आणि वेळ
मुंबई ते दिल्ली रेल्वेने सुमारे १,३८५ किलोमीटर. राजधानी एक्स्प्रेसलाही त्याला जवळपास १६ तास लागतात. मुंबई ते दुबई हवाई अंतर त्याहून जास्त, सुमारे १,९३० किलोमीटर. पण मोठं विमान वर गेल्यावर तासाला ८०० ते ९०० किलोमीटर जातं. चढायचा-उतरायचा वेळ धरून साधारण तीन तासांत दुबई येते.

२) दोन गावं, दोन घड्याळं
सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, दुबईला नंतर. त्यामुळे दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. तिकिटावर सुटायची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची छापतात.
समजा, मुंबईहून विमान पहाटे ४:०० ला सुटतं आणि दुबईला ५:४० ला पोचतं. दिसायला १ तास ४० मिनिटं. त्यात दीड तास मिळवा. खरा प्रवास झाला ३ तास १० मिनिटं.
येताना उलट करायचं. दुबईहून रात्री १०:०० ला निघून मुंबईला २:२० ला पोचलं, तर दिसतात ४ तास २० मिनिटं. दीड तास वजा करा, उरले २ तास ५० मिनिटं. येताना वेळ थोडा कमी लागतो, कारण उंचावर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि विमानाला मागून रेटा देतो.

३) तारीख नीट बघा
सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. तिकिटावर '१५ तारीख, ००:४०' असेल तर ती १४ तारखेची रात्र संपून लागलेली वेळ आहे. रात्री बारानंतर तारीख बदलते. १५ च्या रात्री गेलात तर विमान कधीच गेलेलं असतं!

४) घरापासून हिशेब
परदेशी विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर पोचावं. समजा, घर साताऱ्याला आहे. मुंबईपर्यंत एसटीने पाच-सहा तास, वाटेत गाडी अडकली तर आणखी. म्हणजे ००:४० च्या विमानासाठी १४ तारखेला दुपारी दोनच्या आत घर सोडायचं. विमानात तीन तास, पण घर ते विमान दहा-अकरा तास! तो वेळ आणि ते भाडंही हिशेबात धरा.

बैठकीत सोडवा
मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. विमान मुंबईहून दुपारी २:०० ला सुटलं आणि लंडनला संध्याकाळी ६:३० ला पोचलं. खरा प्रवास किती तासांचा? आणि ते उतरलं तेव्हा आपल्या घरातल्या घड्याळात किती वाजले होते?

(उत्तर: १० तास. आपल्याकडे रात्रीचे १२ वाजले होते. तेव्हा फोन यायला उशीर झाला म्हणून जीव टांगणीला लावू नका, आधी घड्याळाचा हिशेब करा.)