सोसायटीच्या हॉलमध्ये 'तसला' कार्यक्रम?

प्रश्न : मयूर विहार फेज वनमधल्या आमच्या सोसायटीत लैंगिक आरोग्याच्या कामासाठी निधी जमवायचाय. गाणी, गप्पा, छोटं नाटुकलं. समलिंगी, ट्रान्स, अपंग, आजी-आजोबा, सगळ्यांना बोलवायचंय. कमिटी बिचकतेय. काय करू?

उत्तर : ताई, कमिटी बिचकणारच. र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक चालवलं ते पदराला खार लावून, खटले अंगावर घेत. 1934च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. तुम्हाला फक्त सेक्रेटरींना पटवायचंय! कार्यक्रमाचा तपशील लेखी द्या, आडपडदा नको. पत्रिकेवर 'फक्त 18 वर्षांवरील' असं ठळक छापा.

पैशाचं मात्र काटेकोर हवं. क्यूआर कोड ज्या संस्थेला निधी जाणार तिच्या खात्याचाच लावा, तुमच्या नव्हे. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, हे आधीच सांगा. तिकिटाऐवजी ऐच्छिक देणगी ठेवा, म्हणजे रिकाम्या खिशानेही येता येईल.

दाराशी दोन रंगांच्या टिकल्या ठेवा : हिरवी म्हणजे फोटो चालेल, लाल म्हणजे नको. घरी न सांगता आलेल्या पोराला एक फोटो महागात पडतो. व्हीलचेअरसाठी उतार आहे का, तेही बघा. बहुतेक ठिकाणी तीन पायऱ्या आडव्या येतात. स्वच्छतागृहावर पुरुष-स्त्री पाटी असेल तर एक सर्वांसाठी मोकळं ठेवा.

आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद.